लोखंडाचा पीळ

कापसाचे आणि लोखंडकामाचे काही शब्द मराठीत एकच आहेत. चरख्यावर धागा काढणे म्हणजे कातणे; फिरत्या लाकडाला किंवा धातूला हत्यार लावून त्याला गोल आकार देणे म्हणजेही कातणेच. लाकडावर हे काम करणारा तो कातारी, आणि धातूवर ते करणाऱ्या लेथला परिभाषाकारांनी ‘कातयंत्र’ असे नाव दिले. कापसाचे सूत असते. मिस्त्रीच्या फुटपट्टीवर इंचाचा आठवा भाग म्हणजेही सूत, आणि भिंत सरळ उभी राहिली की गवंडी म्हणतो, ‘सुतात आहे.’ या शब्दांची मुळे एक असोत वा वेगवेगळी, बोलणाऱ्याच्या तोंडी ते शेजारी नांदतात. त्यांच्या पंक्तीला आणखी एक शब्द बसवायला हवा. तो म्हणजे पीळ. धाग्यात पीळ हवाच. त्याच्यावाचून सूत टिकत नाही. लेथमध्ये मात्र तो शिरला, की त्यावर कातलेली प्रत्येक वस्तू थोडी थोडी चुकत जाते, आणि ती चूक सहसा यंत्राच्या नव्हे, ते चालवणाऱ्या माणसाच्या नावावर मांडली जाते.

या लेखाचा विषय आहे लेथ त्याच्या स्टँडवर बसवून ‘लेव्हल’ करणे. यंत्रशाळेत ही गोष्ट अर्ध्या दिवसाची समजली जाते. यंत्र उतरवा, पायांखाली पत्र्याचे तुकडे सरकवा, बोल्ट आवळा, मोटर जोडा. कामाची घाई असते, गिऱ्हाईक दारात असते. पण यवतमाळ जिल्ह्यासारख्या काळ्या जमिनीच्या मुलखात हे काम एकदा करून संपत नाही. ते का संपत नाही, हे समजायला लोखंड आणि माती या दोन्हींच्या स्वभावात थोडे शिरावे लागते.

कापसाच्या जिल्ह्यात लेथ कशाला?

यवतमाळची ओळख कापसाची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग टाकला गेला, तो मुख्यतः वऱ्हाडचा कापूस मोठ्या रेल्वेपर्यंत पोचवण्यासाठी. पुढे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली गेलेली ही गाडी १९९४ सालापर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. कापसाबरोबर जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले. कारखाना आला की दांडे, रूळ, पुली, बुश यांची झीज आली, आणि झीज आली की लेथ आला. आज यवतमाळजवळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत, वणीच्या कोळसापट्ट्यात, पुसद, दारव्हा, पांढरकवड्याच्या बाजारपेठांत लेथचे काम या ना त्या रूपात लागतेच. विहिरीवरच्या पंपाचा दांडा, ट्रॅक्टरच्या अवजाराची पिन, मळणीयंत्राची पुली हे सगळे शेवटी लेथवरच येऊन पडते.

जिनिंगचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे सरकीपासून रुई वेगळी करायला प्रामुख्याने दोन रुळांची जिन वापरतात. तिचे मूळ फोन्स मॅकार्थी या अमेरिकी माणसाने १८४० साली पेटंट घेतलेल्या रूळ-जिनमध्ये आहे. पोलादी दांड्यावर चामड्याच्या चकत्या घट्ट दाबून सुमारे मीटरभर लांबीचा रूळ बनवतात आणि त्यावर मळसूत्रासारख्या तिरप्या खाचा पाडतात. रुळाला चिकटलेले तंतू एका स्थिर सुरीखालून ओढले जातात, दुसरी हलती सुरी सरकीला टोले देते, रुई पुढे जाते आणि सरकी खाली पडते. स्थिर सुरीचा दाब रुळाच्या सगळ्या लांबीवर सारखा असावा लागतो. रूळ एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक झाला, तर जाड टोक तापते आणि बारीक टोकाच्या सरकीवर रुई शिल्लक राहते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चामडे मऊ असते. काही शतांश मिलिमीटर त्यात खपून जातात. पण त्याच रुळाच्या पोलादी दांड्यावर दोन्ही टोकांना बेअरिंग बसते, आणि तिथे काही खपत नाही. ४० मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर बेअरिंग घट्ट बसवायची एक नेहमीची मर्यादा अशी असते, की व्यास ४०.००२ पेक्षा कमी नको आणि ४०.०१८ पेक्षा जास्त नको. म्हणजे सगळी मुभा आहे ती ०.०१६ मिलिमीटरची. आपल्या डोक्यावरचा केस याच्या चौपट तरी जाड असतो. हा आकडा लक्षात ठेवू. पुढे त्याच्याशी गाठ पडणार आहे.

सरळ रेषा कुठून येते?

लेथची रचना समजायला सोपी आहे. लोखंडी ओतीव पट्ट्यांचा एक लांब पाया असतो, त्याला बेड म्हणतात. उभे राहणाऱ्याच्या डाव्या हाताला हेडस्टॉक. त्यातल्या चकमध्ये धरलेली वस्तू फिरते. उजव्या टोकाला टेलस्टॉक. लांब दांड्याचे दुसरे टोक तो टेकवून धरतो. दोहोंच्या मधे बेडवरून सरकणारे कॅरेज, आणि त्यावर कापणारे हत्यार. वस्तू फिरते, हत्यार सरळ रेषेत सरकते, आणि या दोन हालचालींतून नळकांड्याचा आकार निघतो.

यातली सरळ रेषा हत्याराला कोण शिकवते? बेड. कॅरेज बेडच्या पट्ट्यांवरून जसे जाते, तसेच हत्यार जाते. सुमारे १८०० साली लंडनमध्ये हेन्री मॉड्स्लेने हत्यार माणसाच्या हातातून काढून लोखंडी पट्ट्यांवर सरकणाऱ्या आधारात पक्के बसवले. त्यानंतर सरळपणाची जबाबदारी हातावरून बेडवर आली. लेथला यंत्रांची आई म्हणतात ते याचसाठी. तिच्यावर बनलेल्या भागांतून दुसरी यंत्रे बनतात, आणि तिची चूक त्यांच्यात उतरते.

बेड पाहिला की तो वाकेल, पिळेल असे कुणालाही वाटत नाही. सहा फुटी बेडचा लेथ उचलायला क्रेन किंवा साखळी-कप्पी लागते. पण वजन वेगळे आणि ताठपणा वेगळा. ओतीव लोखंडाचा ताठपणा पोलादाच्या साधारण निम्माच असतो. शिवाय शतांश मिलिमीटरच्या जगात कोणतेच लोखंड ताठ नसते. तिथे ते रबरासारखे वागते. चार कोपऱ्यांपैकी एक कोपरा किंचित खाली राहिला आणि बोल्ट आवळून आपण तो जमिनीला भिडवला, तर बेड मुकाट्याने पिळतो. डोळ्यांना काहीही दिसत नाही.

वऱ्हाडातल्या अंगणात याचा दाखला रोज मिळतो. चुलीचे तीन दगड कसेही मांडा, भांडे डुगडुगत नाही. बाजेचे चार पाय मात्र सारवलेल्या जमिनीवरही डुगडुगतात. कारण तीन बिंदूंतून एक पातळी ठरते आणि चौथा बिंदू त्या पातळीत असेलच याची हमी नसते. बाजेवर जड माणूस बसला की चौथा पाय टेकतो. तो टेकतो म्हणजे जमीन सपाट झाली असे नव्हे. बाजेची चौकट पिळली. लेथच्या बाबतीत बोल्ट त्या जड माणसाचे काम करतात.

लेव्हल म्हणजे सपाट नव्हे

आता या विषयातला मुख्य मुद्दा. लेथ समपातळीत का हवा? पाण्याची टाकी समपातळीत हवी, कारण पाणी एका बाजूला साचते. लेथमध्ये साचण्यासारखे फारसे काही नसते. समुद्रावर डोलणाऱ्या जहाजांतही दुरुस्तीच्या खोलीत लेथ असतात आणि ते चांगले काम करतात. तिथे क्षितिजाशी समांतर असे क्षणभरही काही नसते. म्हणजे लेथला समपातळीची गरज नाही. गरज आहे ती बेडची दोन्ही टोके एकमेकांशी समांतर असण्याची, म्हणजे पीळ नसण्याची.

मग पाणसळ कशासाठी लावायची? कारण एकमेकांपासून पाच-सहा फूट दूर असलेली दोन टोके समांतर आहेत की नाहीत, हे थेट मोजणे अवघड असते. दोन्ही टोके स्वतंत्रपणे क्षितिजाशी समांतर केली, तर ती आपोआप एकमेकांशी समांतर होतात. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण ही फुकटची आणि कधी न झिजणारी मोजपट्टी आहे. आपण तिचा आधार घेतो, इतकेच. हे ध्यानात आले की कामाचा क्रमच बदलतो. ‘बुडबुडा मधोमध आला का?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘दोन्ही टोकांना बुडबुडा एकाच जागी आहे का?’ हा प्रश्न पुढे येतो.

गवंड्याची पाणसळ मात्र इथे कामाची नाही. यंत्र बसवण्याच्या लेव्हलच्या काचेवर एक भाग म्हणजे मीटरला ०.०२ मिलिमीटर उतार. हाच उतार यवतमाळच्या एखाद्या सरळ रस्त्यावर धरला, तर किलोमीटरभर गेल्यावर रस्ता फक्त २ सेंटीमीटर चढलेला असेल.

एक हिशेब करून पाहू. समजा, हेडस्टॉकपाशी बेडवर आडवी ठेवलेली लेव्हल शून्य दाखवते आणि टेलस्टॉकपाशी ती पाच भाग सरकलेली आहे. म्हणजे दोन टोकांत मीटरला ०.१ मिलिमीटरचा पीळ. बेडची रुंदी २५० मिलिमीटर असेल, तर एक कोपरा फक्त ०.०२५ मिलिमीटरने खाली आहे. केसाच्या जाडीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने. पण हत्यार बेडवर लोळत नाही, ते उंचावर असते. दांड्याचा मध्य बेडपासून १७५ मिलिमीटर उंच धरला, तर बेड कलल्यामुळे हत्याराचे टोक ०.०१७५ मिलिमीटर आडवे सरकते. दांडा गोल असल्याने व्यासात ही चूक दुप्पट होते: ०.०३५ मिलिमीटर. बेअरिंगच्या जागेची सगळी मुभा होती ०.०१६ची. म्हणजे दांड्याच्या एका टोकाचे माप बरोबर बसले, तर दुसऱ्या टोकाचे बसणे शक्यच नाही. टर्नर कितीही कसलेला असो, त्याच्या हातात ते राहिलेलेच नाही.

काळी जमीन

इथवरची गोष्ट जगात कुठल्याही गावची झाली. यवतमाळची गोष्ट इथून पुढे सुरू होते, आणि ती जमिनीखाली आहे.

जिल्ह्याच्या मोठ्या भागात खाली दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण, त्यावर मुरूम, आणि वर तो पाषाण हजारो वर्षे कुजून झालेली काळी माती. कपाशी याच मातीत पोसते, कारण ही माती पाणी धरून ठेवते. तिच्यातल्या चिकणमातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज मुबलक असते. त्याची रचना एकावर एक ठेवलेल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांची. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारते. भिजलेली वही जशी फुगते, तशी ही माती पावसाळ्यात फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जाते, पापुद्रे जवळ येतात आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

शेतकऱ्याला हा स्वभाव ठाऊक असतो. या भेगांतून जमीन आपोआप खालीवर होते आणि नांगरटीचे थोडे काम वाचते, असेही तो सांगतो. घर बांधणाऱ्यालाही ठाऊक असतो. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते, उन्हाळ्यात भिंतीला तिरपी चीर पडते. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर कंद असलेले खांब पायात घालण्याची पद्धत विकसित केली. खोल काळ्या मातीत हे खांब निदान साडेतीन मीटर खाली न्यावेत असा दंडक आहे. ऋतूंचा ओलावा तिथपर्यंत फारसा पोचत नाही, हे त्याचे कारण. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरी वाट दाखवली. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा, उदाहरणार्थ योग्य प्रतीच्या मुरमाचा, पुरेसा जाड थर दाबून बसवला, तर खालच्या मातीचे फुगणे बऱ्याच अंशी आवरता येते.

पण लहान यंत्रशाळा बहुधा पत्र्याच्या शेडमध्ये असते. काळी माती वरवर खरवडून तिच्यावर चार-सहा इंचांचे काँक्रीट ओतलेले असते. अशी फरशी एकसारखी हलत नाही, हीच अडचण आहे. शेडखालची मधली माती झाकलेली असल्याने तिचा ओलावा फार बदलत नाही. कडेची माती उघडी असते. पावसाळ्यात कडा उचलल्या जातात, उन्हाळ्यात त्या खचतात. कुठे नळाची गळती असते, कुठे पागोळीचे पाणी मुरते, कुठे भिंतीलगतचे कडुनिंबाचे झाड मुळांनी ओलावा शोषून घेते. लेथ बहुतेक वेळा उजेडासाठी भिंतीलगत किंवा दारापाशीच मांडलेला असतो. म्हणजे त्याचे एक टोक सर्वांत जास्त हलणाऱ्या जमिनीवर असण्याची शक्यता मोठी. वर आपण ०.०२५ मिलिमीटरचा हिशेब केला. दार अडकवणारी आणि भिंत चिरणारी जमीन तेवढे हलायला किती वेळ घेईल?

मांडणी

हे सगळे मनात ठेवून लेथ बसवायचा, तर सुरुवात खणण्यापासून होते. लेथच्या जागेवरची काळी माती शक्य तितकी काढून टाकावी, मुरूम पातळ थरांनी घालावा, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमसाने चोपावा, आणि त्यावर सळयांची जाळी टाकून काँक्रीटचा एकसंध ठोकळा ओतावा. हा ठोकळा बाकीच्या फरशीला जोडू नये; चहूबाजूंनी थोडी फट ठेवावी, म्हणजे फरशी हलली तरी ती याला ओढणार नाही. ठोकळा अख्ख्या लेथखाली एकच असावा. दोन पायांखाली दोन वेगळे ओटे केले, तर दोन्ही आपापल्या मर्जीने हलतात आणि मधला बेड पिळला जातो. एकसंध ठोकळा कलला, तरी लेथ त्याच्याबरोबर अख्खा कलतो. आणि नुसत्या कलण्याचे भय नाही, हे आपण पाहिलेच.

लहान लेथच्या बाबतीत हाच नियम स्टँडला लागू होतो. पातळ पत्र्याचे किंवा हलक्या अँगलचे स्टँड लेथच्या बेडपेक्षा मऊ असते, आणि कापताना होणाऱ्या थरथरीत भर घालते. दोन्ही पायांना जोडणारे तिरपे आडणे, वर जाड प्लेट, आणि तळाला चार कोपऱ्यांत उंची कमीजास्त करण्याचे स्क्रू एवढे केले, तर स्टँड चौकटीसारखे एकजीव वागते.

मग लेव्हल हातात घ्यायची. पण तिच्यावर विश्वास टाकण्याआधी तिची परीक्षा घ्यावी. बेडवर एका जागी ती ठेवून वाचन टिपायचे, मग तिथेच तिची टोके उलटी करून पुन्हा ठेवायची. दोन्ही वाचने जुळली तर लेव्हल खरी. जुळली नाहीत, तर फरकाचा अर्धा भाग लेव्हलच्या पदरी आणि अर्धा बेडच्या. न्याय करणाऱ्याचीच आधी झडती घ्यायची ही रीत इतर क्षेत्रांतही हरकत नसावी अशी आहे.

बेडच्या पट्ट्या रॉकेलने पुसून कोरड्या कराव्यात. धातूचा एक बारीक कीस लेव्हलखाली राहिला तर सगळे वाचन फुकट. बोल्ट अजून सैल असू द्यावेत, यंत्र स्वतःच्या वजनाने बसू द्यावे. आधी लांबीच्या दिशेने ढोबळ समपातळी साधावी. तिच्यात फार गुंतू नये. मग लेव्हल आडवी धरून हेडस्टॉकपाशी वाचन घ्यावे, आणि टेलस्टॉकच्या टोकाला जाऊन तसेच दुसरे. दोहोंत फरक असेल तर हेडस्टॉककडचे पाय जसेच्या तसे ठेवून टेलस्टॉककडचा एक पाय हळूहळू उचलावा. दोन्ही वाचने जुळली की बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळावेत. आवळताना वाचन पुन्हा बदलते, कारण पायाखाली कुठेतरी फट राहिलेली असते आणि बोल्ट ती बेडला पिळून भरून काढतो. ती फट पातळ पत्र्याने भरायची, बोल्टच्या जोराने नव्हे. आवळण्याआधीचे आणि नंतरचे वाचन एकच आले, की लेथ बसला.

वेळही निवडून घ्यावी. ओतीव लोखंडाचा एक मीटर लांब तुकडा एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१ मिलिमीटर वाढतो. दारातून आलेली उन्हाची तिरीप बेडच्या एकाच बाजूवर पडली, तर ती बाजू लांबते आणि बेड वाकतो. विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी घेतलेले वाचन हे यंत्राचे कमी आणि उन्हाचे जास्त असते. म्हणून हे काम पत्रे तापण्याआधी, सकाळी करावे.

दांड्याची साक्ष

लेव्हल सांगते ते बेडबद्दल. अखेरचा निवाडा लेथ कापतो कसा यावर. त्यासाठी एक जुनी, बिनखर्चाची परीक्षा आहे. चाळीस-पन्नास मिलिमीटर जाडीचा एक दांडा चकमध्ये घट्ट धरावा, तो वीत-दीड वीत बाहेर राहू द्यावा, आणि टेलस्टॉकचा टेकू द्यायचा नाही. दांड्याचा मधला भाग खोल कापून दोन टोकांना दोन कडी उरवावीत. मग धारदार हत्याराने, अगदी हलका हात ठेवून, हत्याराची जागा न बदलता दोन्ही कड्यांवरून एकच शेवटची फेरी मारावी आणि मायक्रोमीटरने दोन्हींचे व्यास मोजावेत.

दोन्ही सारखे, तर पीळ नाही. चकपासून दूरचे कडे जाड निघाले, तर तिथे पोचेपर्यंत हत्यार दांड्यापासून लांब सरकले, म्हणजे बेड टेलस्टॉककडे कारागिराच्या बाजूला कलला आहे. तिकडचा पुढचा पाय उचलावा. दूरचे कडे बारीक निघाले, तर तिकडचा मागचा पाय उचलावा. टेकू न देण्याचे कारण असे, की टेलस्टॉक स्वतः बाजूला सरकलेला असेल तर त्याचीही चूक मापात मिसळते, आणि कोणाची चूक किती हे कळेनासे होते. एका वेळी एकाच साक्षीदाराला बोलावलेले बरे.

या परीक्षेलाही मर्यादा आहे. वर्षानुवर्षे चकजवळ काम झालेला बेड तिथे झिजून खोलगट होतो. हेडस्टॉकची दिशाच बिघडलेली असू शकते. या आजारांवर पाय उचलणे हा इलाज नव्हे. बेड मुद्दाम थोडा पिळून हेडस्टॉकची चूक झाकणारेही असतात. पण एका लांबीला जमलेला हा हिशेब दुसऱ्या लांबीला फसतो.

दोष कुणाचा?

यंत्राची चूक आणि माणसाची चूक वेगळी करणे, हा विचार कागदावर नीट मांडला तो गेओर्ग श्लेसिंगर या जर्मन प्राध्यापकाने. बर्लिनमध्ये शिकवत असताना १९२७ साली त्याने यंत्रांच्या परीक्षेचे पुस्तक प्रसिद्ध केले. लेथचा कोणता भाग कसा तपासावा आणि किती शतांशांची चूक चालेल, याचे तक्ते त्यात होते. नाझी राजवट आल्यावर या ज्यू प्राध्यापकाला जर्मनी सोडावी लागली, पण त्याचे तक्ते जगभर पसरले. नव्या लेथबरोबर आजही मिळणारा परीक्षा-तक्ता त्याच परंपरेतला आहे. विक्रेता, मालक आणि कामगार यांच्यात वाद झाला, तर तो आवाजाने नव्हे, मापाने मिटावा, ही त्यामागची भूमिका.

महाराष्ट्रात या दृष्टीची ओळख साहित्याच्या वाचकांना नवी वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर शेतकऱ्यांकडे गेले. त्याच कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, आणि कारखान्याची बातमी देणारे ते पत्रक पुढे मराठीतले एक मोठे मासिक झाले. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर कंपनी उभी राहिली आणि तिचे लेथ देशभर पोचले. १९५३ साली बंगळुरात सरकारी एचएमटी स्थापन झाली. यंत्रशाळा आणि छापखाना एकाच आवारात नांदू शकतात, हे मराठी माणसाने एकेकाळी पाहिलेले आहे.

मात्र छोट्या गावातला लेथ बहुधा असा तक्ता घेऊन येत नाही. तो जुना असतो. कुठल्यातरी बंद कारखान्याच्या पायातून उखडून, ट्रकवर चढून, दोन-तीन मालक बदलून आलेला असतो. तक्ता हरवलेला असतो, आणि नवी लेव्हल विकत घेणे मालकाला जिवावर येते. मग दांडा चुकला की हाक जाते ती टर्नरला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून आलेला पोरगा पॉलिश पेपरने जाड टोक घासत बसतो, दुसरे टोक बारीक झाले तर वेल्डिंगने भरून पुन्हा कातत बसतो. काम दुप्पट होते, मजुरी एकदाचीच मिळते, आणि ‘याचा हात बसलेला नाही’ हा शेरा मात्र कायमचा चिकटतो. पंप दुरुस्त करून नेणाऱ्या शेतकऱ्याचे बेअरिंग ऐन ओलिताच्या दिवसांत निकामी होते, तेव्हा त्यालाही ठाऊक नसते की ही चूक त्याच्या शेतातल्याच काळ्या मातीच्या भावंडाने केलेली आहे.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. लेथचा पीळ इतका हट्टी नसतो. पाव फेरी स्क्रू फिरवला की जातो. पण जमीन हलली की तो परत येतो, म्हणून तपासणीही ऋतूंबरोबर परत यायला हवी. आपल्या पंचांगात तिची जागा आधीच आहे. खंडेनवमीला यंत्रशाळेत लेथ पुसून स्वच्छ करतात, त्याला हार घालतात, त्या दिवशी तो चालवत नाहीत. तोवर पाऊस सरत आलेला असतो आणि माती पुरती फुगलेली असते. नंतर दिवाळीच्या आगेमागे कापूस बाजारात येतो, जिनिंगचा हंगाम सुरू होतो आणि लेथला उसंत राहत नाही. म्हणजे पूजेनंतरची सकाळ ही वर्षातल्या पहिल्या तपासणीची नेमकी वेळ. दुसरी मे महिन्यात, भेगा सर्वांत रुंद असताना.

दोन्ही वेळा चार आकडे लिहून ठेवावेत: हेडस्टॉकपाशीचे वाचन, टेलस्टॉकपाशीचे वाचन, आणि दोन कड्यांचे व्यास. साधी वही पुरते. लेव्हल महाग वाटली तर चार-पाच यंत्रशाळांनी मिळून एक घ्यावी. वर्षातून दोन दिवस लागणारी वस्तू प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या, की कोणत्या महिन्यात कोणता पाय किती उचलावा लागतो, हे त्या शेडपुरते दिसू लागते. आणि एखादा दांडा चुकलाच, तर टर्नरला हाक मारण्याआधी मालकाला ती वही उघडून पाहता येते.